विश्लेषण : सरावात १८१, पहिल्याच सामन्यात शून्य! हंगामपूर्व कामगिरीवरून खेळाडू ओळखता येतो का?

ऑक्टोबर २०२५. गहुंजेच्या मैदानावर मुंबईविरुद्ध सराव सामना. महाराष्ट्राच्या सलामीवीरांनी तब्बल ३०५ धावांची भागीदारी केली. आठवडाभराने रणजी हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच डावात दोघेही भोपळा न फोडता तंबूत परतले. त्यानंतर दहा-बारा दिवसांत त्यातल्याच एकाने द्विशतक ठोकले. अवघ्या तीन आठवड्यांत तीन वेगळे निकाल. मग त्या खेळाडूला कशावरून जोखायचे? हा प्रश्न केवळ रणजी संघापुरता नाही. घनसावंगीहून जालन्याला निवड चाचणीसाठी जाणाऱ्या मुलाचा निकालही एखाद्या सकाळच्या कामगिरीवरच लागतो. त्यामुळे हे गणित समजून घेण्यासारखे आहे.

नेमके काय घडले?

मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आलेला पृथ्वी शॉ याने नव्या संघासाठी सुरुवातच जोरात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नईतील बुचीबाबू स्पर्धेत छत्तीसगडविरुद्ध त्याने १११ धावा केल्या. ही स्पर्धा अनेक संघ रणजीपूर्व तयारी म्हणून खेळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गहुंजेला मुंबईविरुद्धच्या तीन दिवसांच्या सराव सामन्यात त्याने २२० चेंडूंत १८१ धावा केल्या. समोरच्या टोकाला अर्शिन कुलकर्णी होता. त्याच्या १८६ धावा तर केवळ १४० चेंडूंत आल्या.

१५ ऑक्टोबरला तिरुवनंतपुरममध्ये केरळविरुद्ध रणजी सामना सुरू झाला. एम. डी. निधीशच्या पहिल्याच षटकात शॉ आणि कुलकर्णी दोघेही शून्यावर बाद झाले. पाठोपाठ सिद्धेश वीर आणि कर्णधार अंकित बावणे हेही शून्यावर गेले. बिनबाद ३०५ वरून थेट ५ बाद १८! ऋतुराज गायकवाडच्या ९१ आणि जलज सक्सेनाच्या ४९ धावांमुळे महाराष्ट्र कसाबसा २३९ पर्यंत पोहोचला.

त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात शॉने ७५ धावा केल्या. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध पहिल्या डावात ८, तर दुसऱ्या डावात १५६ चेंडूंत २२२. त्यातले द्विशतक १४१ चेंडूंत झाले आणि रणजीतील सर्वांत वेगवान द्विशतकांमध्ये त्याची नोंद झाली. महाराष्ट्राने तो सामना १४४ धावांनी जिंकला.

सरावातील १८१, मग ०, ७५, ८ आणि २२२ असे हे आकडे एकाच फलंदाजाचे, एकाच महिन्यातले. १८१ पाहून डोक्यावर घेणारे १५ ऑक्टोबरला तोंडघशी पडले आणि शून्य पाहून निकालात काढणारे पुढच्या दोन आठवड्यांत.

सराव सामना वेगळा का असतो?

धावफलक सारखाच दिसत असला तरी खेळणाऱ्यांचा हेतू वेगळा असतो. रणजी सामन्यात कर्णधाराला गुण हवे असतात. सराव सामन्यात त्याला माहिती हवी असते. त्यामुळे मुख्य गोलंदाजाला दमवायचे टाळले जाते, नवख्यांना जास्त षटके मिळतात. गोलंदाजही एखादा नवा चेंडू घोटून पाहतो. मार पडला तरी त्याचे नुकसान नसते. फलंदाजाला अडकवण्यासाठी जे क्षेत्ररक्षण महिनोन्महिने डोक्यात ठेवलेले असते, ते सराव सामन्यात उघड करायचे नसते.

नियमही अनेकदा दोन्ही संघांच्या संमतीने सैल केले जातात. अकराहून अधिक खेळाडूंना संधी दिली जाते, चांगला खेळणारा स्वतःहून निवृत्त होऊन पुढच्याला फलंदाजी देतो. अशा सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नसतो, तो यामुळेच.

तिसरा फरक मैदानाचा. गहुंजे हे महाराष्ट्राचे घर. तिथली उसळी, तिथली माती रोजच्या सवयीची. परक्या मैदानावर पहिल्या सकाळी नवा चेंडू खेळणे ही वेगळी परीक्षा असते आणि घरच्या सरावात तिचा पेपर येतच नाही.

एका डावावरून किती कळते?

इथे थोडे गणित करावे लागेल. समजा, एका चांगल्या फलंदाजाची सरासरी ४५ आहे आणि तो १०० चेंडूंत साधारण ५६ धावा काढतो. म्हणजे तो सरासरी ८० चेंडूंमागे एकदा बाद होतो. सोपे जावे म्हणून प्रत्येक चेंडूला बाद होण्याची शक्यता सारखीच, ८० पैकी १, असे धरू. प्रत्यक्षात सुरुवातीचे चेंडू जास्त धोक्याचे असतात.

आता हा फलंदाज १०० डाव खेळला तर काय होईल? सुमारे १२ डावांत तो पहिल्या १० चेंडूंतच बाद होईल. आणि सुमारे १३ डावांत तो १६० चेंडूंहून अधिक टिकेल, म्हणजे ९० धावांच्या पुढे जाईल. फलंदाज तोच, तंत्र तेच, मेहनत तीच. तरी झटपट बाद होणे आणि मोठी खेळी करणे या दोन्हींची शक्यता जवळपास सारखीच.

म्हणून एका डावाचा आकडा हा खेळाडूच्या दर्जापेक्षा त्या दिवसाबद्दल जास्त सांगतो. डाव वाढत गेले की योगायोग एकमेकांना खोडतात आणि दर्जा वर येतो. संख्याशास्त्रात याला नमुन्याचा आकार म्हणतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा सांगितली जाते, पण ती चालते कारण पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. डाव तसे नसतात.

दुसरी गोष्ट सरासरीकडे परतण्याची. फार मोठ्या खेळीनंतरची खेळी बहुधा लहान असते. त्यासाठी डोक्यात हवा जावी लागते असे नाही. मोठ्या खेळीत दर्जाबरोबर नशिबाचाही वाटा असतो आणि नशीब पुढच्या डावात सोबत येईलच असे नसते. घनसावंगी परिसरातल्या मोसंबी बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. फुलोरा कितीही भरगच्च असला तरी त्यातली बहुतेक फुले गळतात. फुलोरा पाहून झाड जिवंत आहे हे कळते, किती टन माल निघेल हे कळत नाही.

हॉकीत वेगळे चित्र आहे का?

नाही. उलट तिथले उदाहरण अधिकच बोलके आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या तयारीसाठी भारताचा पुरुष हॉकी संघ एप्रिल २०२४ मध्ये पर्थला गेला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच सामने झाले आणि भारत पाचही हरला. १-५, २-४, १-२, १-३, २-३. संघावर टीका झाली. ऑलिंपिकमध्ये या संघाकडून काय अपेक्षा ठेवायची, असे विचारले गेले.

२ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये तेच दोन संघ समोरासमोर आले. भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. १९७२ नंतर, म्हणजे ५२ वर्षांनी, ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर मिळवलेला हा पहिला विजय. त्यात कर्णधार हरमनप्रीत सिंगचे दोन गोल होते. सहा दिवसांनी स्पेनला २-१ ने हरवून भारताने कांस्यपदक जिंकले.

मग पर्थमधले पाच पराभव खोटे होते का? तेही नाही. पर्थला भारताने २७ जणांचा चमू नेला होता आणि ऑलिंपिकसाठी अंतिम संघ फक्त १६ जणांचा असतो. म्हणजे प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्यासाठी तो दौरा निवडीचाही होता. शिवाय '०-५' या आकड्याच्या आत पाहिले तर पहिल्या सामन्यात ४ गोलांचे असलेले अंतर शेवटच्या सामन्यात १ गोलावर आले होते. पाच सामन्यांवरून सुधारणा सिद्ध होत नाही, पण मालिकेचा एकूण निकाल आणि खेळाची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे नक्की कळते.

हॉकीत खेळाडू जोखणे क्रिकेटपेक्षाही अवघड. क्रिकेटमध्ये निदान प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो. हॉकीत गोल दिसतो, पण त्याआधी प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकून चेंडू हिसकावणारा, वर्तुळात शिरून पेनल्टी कॉर्नर मिळवून देणारा, मागे धावत येऊन प्रतिहल्ला रोखणारा खेळाडू गुणफलकावर कुठेच नसतो. त्यात पेनल्टी कॉर्नरच्या ठेवणीतल्या चाली संघ मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवतात. म्हणून सरावातल्या गोलांची बेरीज करून आघाडीपटूंची क्रमवारी लावणे फसवे ठरते.

बर्फावरच्या हॉकीची सर्वांत मोठी लीग, अमेरिका आणि कॅनडातील एनएचएल, हिथेही हाच अनुभव. नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो आणि त्याआधीच्या हंगामपूर्व सामन्यांत नवोदितांना आजमावतो. खेळाडू संघटनेशी झालेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ पासून हंगामपूर्व सामने जास्तीत जास्त चार आणि नियमित सामने ८४ असतील. लुटुपुटूच्या लढती कमी करून खऱ्या लढती वाढवल्या जात आहेत.

मग सराव सामन्यांना अर्थच नाही?

आहे, पण तो आकड्यात शोधायचा नसतो. डिसेंबर २०२० चे उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर सिडनीत ऑस्ट्रेलिया अ संघाविरुद्ध गुलाबी चेंडूचा सराव सामना झाला. भारताच्या दुसऱ्या डावात दोघांनी नाबाद शतके केली. हनुमा विहारी १०४ आणि ऋषभ पंत १०३. पंतचे शतक तर ७३ चेंडूंत.

काही दिवसांनी ॲडलेडला पहिली कसोटी झाली. विहारीला संघात घेतले, त्याच्या धावा १६ आणि ८. पंतला बाहेर ठेवून वृद्धिमान साहाला यष्टिरक्षक नेमले. त्या कसोटीत भारत ३६ धावांत गारद झाला. पुढच्या सामन्यापासून पंत आत आला आणि सिडनीत ९७, ब्रिस्बेनमध्ये नाबाद ८९ धावा करून त्याने मालिकाच फिरवली. विहारीनेही सिडनीत जखमी पायावर १६१ चेंडू खेळून सामना वाचवला, पण त्याच्या धावा होत्या २३. मैदान तेच, गोलंदाज तेच, शतकेही दोन. त्यातून दोघांबद्दल वेगवेगळी गोष्ट कळत होती आणि ती धावफलकावर लिहिलेली नव्हती.

म्हणून जाणकार प्रशिक्षक सराव सामन्यात साधारण पुढच्या गोष्टी पाहतात :

• समोर कोण होते? पहिल्या फळीचे गोलंदाज की बदली? धावा कोणाच्या षटकांत आल्या?

• जुना दोष गेला का? आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत होणारा फलंदाज आता पाऊल कुठे टाकतो?

• शरीर किती साथ देते? तिसऱ्या सत्रात गोलंदाजाचा वेग टिकतो का? हॉकीपटू चौथ्या सत्रातही परत धावतो का? दुखापतीतून परतणाऱ्यासाठी हा सर्वांत खरा निकष.

• चूक झाल्यावर पुढचा चेंडू कसा खेळतो?

यातल्या बहुतेक गोष्टी सरावात आणि प्रत्यक्ष सामन्यात फारशा बदलत नाहीत. म्हणून त्या विश्वासार्ह. धावा आणि गोल मात्र परिस्थितीनुसार सर्वाधिक बदलतात, आणि नेमके तेच आपल्या मोबाइलवर नोटिफिकेशन म्हणून येतात.

आधीची नोंद का महत्त्वाची?

शॉ तिरुवनंतपुरमला शून्यावर बाद झाला तेव्हा त्याला लगेच वगळले गेले नाही. तसे होणारही नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध त्याने केलेल्या ३७९ धावा ही रणजीतील दुसरी सर्वोच्च खेळी आहे. पहिली, १९४८ मधली नाबाद ४४३, महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकरांची. पदार्पणाच्या कसोटीत शॉने शतक केले होते. एवढी नोंद पाठीशी असली की एका शून्याने मत फारसे बदलत नाही आणि सरावातल्या १८१ नेही बदलू नये.

गणिताचा नियम साधा आहे. खेळाडूबद्दल आधी जितकी जास्त माहिती, तितके नव्या आकड्याचे वजन कमी. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, त्याच्यासाठी मात्र एकच आकडा सर्वस्व ठरतो.

घनसावंगीच्या मुलासाठी याचा अर्थ काय?

खरी मेख इथेच आहे. तालुक्यातल्या मुलाची नोंद कुठेच नसते. गावोगावच्या स्पर्धा टेनिस चेंडूवर, कापूस किंवा सोयाबीन निघालेल्या रानात, नाही तर शाळेच्या पटांगणावर होतात. निवड चाचणीत हातात लेदर चेंडू येतो. पहाटेची एसटी पकडून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायचे, रांगेत थांबायचे आणि जाळ्यात वाट्याला येतील तेवढे चेंडू खेळायचे.

वरचेच गणित इथे लावून पाहू. समजा, चाचणीत १२ चेंडू मिळाले. ८० चेंडूंमागे एकदा बाद होणारे १०० चांगले फलंदाज आले, तर त्यातले सुमारे १४ जण या १२ चेंडूंत बाद होतील. ४० चेंडूंमागे बाद होणारे, म्हणजे निम्म्या दर्जाचे १०० जण आले, तरी त्यातले सुमारे ७४ जण बाद न होता बाहेर येतील. केवळ बाद होणे, न होणे पाहिले तर १२ चेंडूंत चांगला आणि साधारण यांच्यात फरकच करता येत नाही. तेच १२० चेंडू दिले, तर चांगला सरासरी दीड वेळा आणि साधारण तीन वेळा बाद होतो. फरक दिसू लागतो.

शालेय स्पर्धांचेही तसेच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे आणि सामने बहुतेक वेळा बाद पद्धतीचे असतात. एक सामना हरला की वर्ष संपले. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असल्याने पुढच्या वर्षी तो मुलगा त्या गटात असेलच असे नाही.

आणि यात केवळ हौस पणाला लागलेली नसते. दहावी-बारावीत क्रीडा गुणांची सवलत, राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण, हे सगळे ठराविक पातळीवर खेळल्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. शॉच्या शून्यानंतर त्याच सामन्यात दुसरा डाव होता. तालुक्यातल्या मुलाच्या हंगामपूर्व चाचणीनंतर अनेकदा हंगामच नसतो.

जालन्याचे नाव क्रिकेटच्या नकाशावर नाही असे नाही. जालन्याच्याच विजय झोलने डिसेंबर २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की ही खेळी अनेक दिवसांच्या स्पर्धात्मक सामन्यात झाली. मोठी खेळी करायची तर आधी तेवढा वेळ खेळायला मिळावे लागते. तरीही वरिष्ठ भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. एका पायरीवरचा विक्रम पुढच्या पायरीचे तिकीट ठरत नाही, हेही त्यातून दिसते.

उपाय काय?

फार खर्चिक नाहीत. पहिला, चाचणी एकाच सकाळी न उरकता दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घेणे. दुसरा, जाळ्यातल्या चेंडूंऐवजी मुलांचे संघ पाडून सामने खेळवणे आणि प्रत्येकाला ठरावीक चेंडू मिळतील असे पाहणे, बाद झाला तरी. तिसरा, दोन-तीन निवडकर्त्यांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र गुण देणे. चौथा, बाद पद्धतीऐवजी तालुका पातळीवर तरी साखळी सामने ठेवणे. म्हणजे प्रत्येक संघाला किमान तीन-चार लढती मिळतील.

पाचवा उपाय खेळाडू आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या हातातला आहे. नोंद ठेवणे. आज मोबाइलवरच्या स्कोअरिंग ॲपमध्ये गावच्या सामन्याचाही चेंडूगणिक तपशील राहतो. ॲप नको असेल तर साधी वही चालते. तारीख, प्रतिस्पर्धी, चेंडू लेदरचा की टेनिसचा, किती चेंडू खेळले, कसे बाद झाले. वर्षभरातले ३० डाव लिहिलेली वही समोर असेल, तर चाचणीतल्या १२ चेंडूंचे वजन आपोआप कमी होते. निवडकर्ता ती पाहीलच याची खात्री नाही. पण प्रशिक्षकाला शिफारस करताना आणि खेळाडूला स्वतःचा दोष शोधताना तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

पुढच्या हंगामाआधी काय लक्षात ठेवाल?

सराव सामन्यातले शतक किंवा गोल ही बातमी आहे, निकाल नाही. ज्याची नोंद मोठी आहे त्याच्या एका डावाने, चांगल्या वा वाईट, मत बदलू नका. पाच-सहा सामने होऊ द्या, मग बोला. ज्याची नोंदच नाही, त्याला बाद ठरवण्याआधी आणखी एक संधी मिळाली का, एवढे विचारा. महाराष्ट्राने शून्यानंतरही शॉला फलंदाजीला पाठवले, म्हणून २२२ पाहायला मिळाले. जाळ्यातल्या तिसऱ्या चेंडूवर त्रिफळा उडालेल्या मुलाच्या बॅटीत किती धावा होत्या, हे त्याला पुन्हा पाठवल्याशिवाय कळणार नाही.